मगर, हत्ती आणि घरचे मैदान

गजेंद्रमोक्षाची गोष्ट आपण बहुतेकांनी आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. सरोवरात उतरलेल्या गजराजाचा पाय मगरीने धरला आणि दोघांची झुंज वर्षानुवर्षे चालली. भाविक मंडळी शेवटी धावून आलेल्या भगवंताकडे पाहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु कथेच्या मध्यावर एक अगदी व्यवहारी नोंद आहे, तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. झुंज जसजशी लांबत गेली तसतसे हत्तीचे बळ ओसरत गेले आणि मगरीचे वाढत गेले, कारण मगर पाण्यात होती आणि पाणी हे तिचे घर होते. तीच मगर काठावर गाठली असती तर गल्लीतल्या चार कुत्र्यांनीही तिला पळवून लावले असते!

खेळाच्या दुनियेत यालाच 'घरच्या मैदानाचा फायदा' म्हणतात. यजमान संघ पाहुण्यांपेक्षा अधिक वेळा जिंकतो, हे कुणीही सांगेल. सकाळच्या कल्याण-अंबरनाथकडच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकून बसलेला गृहस्थसुद्धा सांगेल. पण 'अधिक वेळा' म्हणजे किती वेळा, आणि कशाच्या जोरावर? येथे मात्र डब्यातला आवाज वाढतो आणि पुरावा कमी होतो. २०२४ च्या नोव्हेंबरात वानखेडेवर न्यूझीलंडने आपल्याला हरवून मालिका ३-० अशी खिशात घातली, तेव्हा आठवडाभर आमच्या गाडीत दुसरा विषय नव्हता. 'घरात वाघ, बाहेर शेळी' ही जुनी तक्रार. आता घरातसुद्धा शेळी कशी झाली, याचा प्रत्येकाजवळ एकेक खुलासा होता.

मराठी शिकवणाऱ्या माणसाने आकड्यांत नाक खुपसावे का, असे कुणी विचारील. अहो, मोजणी हा तर आमचा जुना धंदा! शार्दूलविक्रीडिताची एकोणीस अक्षरे आणि आर्येच्या मात्रा बोटांवर मोजण्यात आमची हयात गेली. तेव्हा धावफलकाला भिण्याचे कारण नाही.

प्रथम एक सोपा प्रयोग. एक रुपयाचे नाणे शंभर वेळा उडवा. छापे पन्नास यावेत अशी आपली अपेक्षा. पण नेमके पन्नास क्वचितच येतात. कधी सत्तेचाळीस, कधी चोपन्न. म्हणून नाणे खोटे ठरत नाही. संख्याशास्त्रात यासाठी एक सुटसुटीत माप आहे: जितक्या वेळा नाणे उडवले त्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि ते निम्मे करा. शंभराचे वर्गमूळ दहा, निम्मे पाच. म्हणजे पन्नासाच्या अलीकडे-पलीकडे पाचाचा फरक ही नशिबाची नेहमीची ये-जा झाली. साधारण तीनांतून दोन वेळा उत्तर त्या टप्प्यातच पडते. दहा हजार वेळा उडवले तर हे माप पन्नासावर जाते. संख्या शंभरपट होते, पण डगमग फक्त दहापट. थोड्या सामन्यांवरून निष्कर्ष काढू नये, असे जाणते लोक का सांगतात, ते या वर्गमूळात आहे.

आता हे माप घेऊन आपण अमेरिकेत जाऊ, कारण या विषयाची सर्वांत मोठी वही तेथे भरलेली आहे. बेसबॉल हा त्यांचा खेळ म्हणजे आपल्या क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ. त्यांच्या मोठ्या स्पर्धेत तीस संघ, प्रत्येकाचे वर्षाला १६२ सामने, पैकी ८१ घरी आणि ८१ परक्या गावी. एका मोसमाचे एकूण सामने होतात २,४३०. सामना बरोबरीत सोडण्याची पद्धत जवळजवळ नाहीच. एक जिंकतो, एक हरतो. हिशेबनिसाला याहून सोयीचा खेळ कोणता? विसाव्या शतकाच्या प्रारंभापासूनची बेरीज सांगते की, यजमान संघ शंभरात सुमारे ५४ सामने जिंकतो.

फक्त चौपन्न! वाचकांची निराशा झाली असेल. पण वर्गमूळ लावून पाहा. एका संघाचे घरचे सामने ८१. वर्गमूळ नऊ, निम्मे साडेचार. चौपन्न टक्क्यांनी वाढतात ते जेमतेम तीन विजय. म्हणजे एका संघाच्या एका वर्षाच्या कामगिरीवरून घरचा फायदा आहे की नाही, हे सांगताच येत नाही. तो नशिबाच्या धुळीत बुडून जातो. पण साऱ्या मोसमाचे २,४३० सामने घेतले तर माप होते पंचविसाच्या आसपास, आणि निम्म्यापेक्षा वरचे विजय होतात सुमारे ९७, म्हणजे मापाच्या जवळजवळ चौपट. आणि हे एका वर्षी नव्हे, शंभरांहून अधिक वर्षे त्याच दिशेने घडते. नाणे खरोखरच किंचित एका बाजूला झुकलेले आहे.

हे झुकणे सर्व खेळांत सारखे नसते. १९७७ साली श्वार्ट्‌झ आणि बार्स्की या दोन अमेरिकन अभ्यासकांनी निरनिराळ्या खेळांची तुलना केली, तेव्हा त्यांना बेसबॉलमध्ये यजमानांचे ५३ टक्के विजय आढळले, त्यांच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये ५८, आणि बर्फावरच्या हॉकीत बरोबरी वगळून ६४. कारणे कोणती? प्रवासाचा शीण, परक्या गावची झोप, प्रेक्षकांचा गजर, पंचांची मर्जी आणि मैदानाची ओळख. बेसबॉलमध्ये प्रत्येक मैदानाचा आकार वेगळा असतो. बॉस्टन शहरातल्या फेनवे पार्कची डावीकडची भिंत ३७ फूट उंच, हिरव्या राक्षसासारखी उभी. तिच्यावरून चेंडू कसा उलटतो हे तेथे रोज खेळणाऱ्याला ठाऊक, पाहुण्याला नाही. आपल्याकडेही गल्लीतल्या क्रिकेटमध्ये 'वाण्याच्या पत्र्याला लागला तर दोन, गटारात गेला तर बाद' असे नियम असतातच. ज्याची गल्ली त्याचा पत्रा.

प्रेक्षकांच्या आरडाओरडीबद्दल मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण येथे आपल्या सर्वांचा समज थोडा वेगळा आहे. आपल्याला वाटते, टाळ्यांनी खेळाडूला स्फुरण चढते. असेलही. पण इंग्लंडात २००२ साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध झाला. चाळीस फुटबॉल पंचांना एका सामन्याची चित्रफीत दाखवली आणि ४७ झटापटींवर निर्णय द्यायला सांगितले. अर्ध्यांना प्रेक्षकांचा आवाज ऐकू येत होता, अर्ध्यांना चित्र मुके. ज्यांनी आवाज ऐकला त्यांनी यजमान संघाविरुद्ध दिलेले निर्णय साडेपंधरा टक्क्यांनी कमी भरले! लक्षात घ्या, हे पंच मैदानात नव्हते. प्रेक्षक त्यांना मारायला येणार नव्हते. केवळ कानावर पडणाऱ्या कोलाहलाने शिट्टी अडखळली. स्पेनमधल्या सामन्यांच्या अभ्यासात असे दिसले की, यजमान संघ एका गोलाने मागे असला तर पंच अखेरीला थोडी अधिक मिनिटे खेळवतात आणि पुढे असला तर लवकर आटोपते घेतात. यात लाचलुचपत नाही, लबाडीही नाही. चाळीस हजार माणसे एकाच गोष्टीसाठी ओरडत असताना, ती गोष्ट खरी वाटू लागणे हा माणसाचा स्वभाव आहे. परीक्षा-हॉलमध्ये पालकांचा घोळका बाहेर उभा असताना आम्हालाही याचा अंदाज येतो.

मग २०२० साली करोनाच्या साथीने जगाला एक प्रयोग फुकटात करून दिला. प्रेक्षकांविना सामने झाले. जर्मनीतल्या फुटबॉलमध्ये यजमानांचा वरचष्मा लगेच घसरला. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये मात्र रिकाम्या खुर्च्यांसमोरही यजमानांनी निम्म्यांहून बरेच अधिक सामने जिंकले. म्हणजे एका खेळात जो फायदा बराचसा गळ्यातून येत होता, तो दुसऱ्यात मातीतून आणि अंथरुणातून येत असावा. साऱ्या खेळांना एकच औषध लागू पडत नाही.

क्रिकेटकडे वळू. येथे पंचांचे प्रकरण जुने आहे. पूर्वी कसोटीचे दोन्ही पंच यजमान देशाचेच असत आणि परदेशी गेलेला प्रत्येक संघ पायचीतच्या निर्णयांबद्दल कुरकुरत परत येई. १९८६ साली पाकिस्तानचा कर्णधार इम्रान खान याच्या आग्रहावरून वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर कसोटीला त्रयस्थ पंच बोलावण्यात आले. ते दोघे आपलेच: व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर. पुढे १९९४ पासून एक आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ झाले. यामुळे अभ्यासकांची चांगलीच सोय झाली. इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञांनी १९८६ ते २०१२ या काळातले सुमारे हजार कसोटी सामने तपासले, तेव्हा घरचे दोन पंच असताना पाहुण्यांना पायचीतचा जाच अधिक, एक त्रयस्थ आल्यावर कमी आणि दोघेही त्रयस्थ झाल्यावर जवळजवळ नाहीसा, असा उतार मिळाला. कुरकुर अगदीच निराधार नव्हती तर!

पण एवढे होऊनही घरचा फायदा संपला नाही, आणि तो किती मोठा आहे हे पाहायचे तर हिशेबाची एक युक्ती सांभाळावी लागते. बलवान संघ घरी जिंकतो तसा बाहेरही जिंकतो. तेव्हा नुसते घरचे विजय मोजून भागत नाही. तेच दोन संघ, साधारण त्याच काळात, दोन्ही ठिकाणी तोलले पाहिजेत. आपल्या आजोबांच्या आठवणीतला हिशेब घ्या. १९५१-५२ ते १९६७ या काळात भारत आणि इंग्लंड भारतात १५ कसोट्या खेळले: आपण जिंकल्या ३, हरलो १, अनिर्णित ११. त्याच काळात इंग्लंडात १२ कसोट्या झाल्या: जिंकलो एकही नाही, हरलो ११, अनिर्णित १. येथे वर्गमूळ काढत बसण्याची गरज नाही! १९५९ साली इंग्लंडने तेथे आपल्याला पाचही सामन्यांत लोळवले. दोनच वर्षांनी नरी कॉन्ट्रॅक्टरच्या संघाने येथे त्यांना २-० असे हरवून इंग्लंडविरुद्धची पहिली मालिका जिंकली. १९६३-६४ मध्ये तर पाचही सामने अनिर्णित. मद्रासला बापू नाडकर्णींनी सलग २१ निर्धाव षटके टाकली, ती याच मालिकेत.

तरीही प्रामाणिक हिशेबनिसाने एक टीप जोडावी. त्या काळी इंग्लंडचे बडे खेळाडू भारताची वारी टाळत. १९५१-५२ ला हटन, कॉम्प्टन, बेडसर आले नाहीत. १९६१-६२ ला ट्रूमन आणि स्टॅथम आले नाहीत. म्हणजे काट्याच्या दोन्ही पारड्यांत तेच माप नव्हते. म्हणून अलीकडचे आकडे घेऊ, जेव्हा दोन्ही देश आपले उत्तम संघ पाठवू लागले. २०१४ ते २०२५ या काळात इंग्लंडात २० कसोट्या: आपले विजय ६, पराभव ११, अनिर्णित ३. भारतात १४: विजय ११, पराभव २, अनिर्णित १. बेसबॉलचे चौपन्न टक्के कुठे आणि हे कुठे! कसोटी क्रिकेटइतका घरचा फायदा देणारे खेळ जगात फार नसतील.

आणि कारण उघड आहे. फुटबॉलची हिरवळ जगभर साधारण सारखी. क्रिकेटची खेळपट्टी मात्र तिथल्या मातीची, तिथल्या पावसाची आणि तिथल्या माळ्याची. १९५९ च्या डिसेंबरात कानपूरला ऑस्ट्रेलियाशी सामना होता. खेळपट्टी नव्याने घातलेली. निवड समितीचे अध्यक्ष लाला अमरनाथ यांनी ती पाहिली आणि जसू पटेल या ऑफस्पिनरला संघात आणवले. पटेलांनी पहिल्या डावात ६९ धावांत ९ बळी घेतले, सामन्यात १४. बलाढ्य ऑस्ट्रेलिया ११९ धावांनी हरला. त्या संघाचा कर्णधार होता गुलाबराय रामचंद, जन्म कराचीचा. फाळणीपूर्वी सिंधकडून खेळलेला हा सिंधी तरुण नंतर मुंबईचा झाला. घरच्या मातीच्या जोरावर ऑस्ट्रेलियाला हरवणारा आपला पहिला कर्णधार असा, ज्याच्या स्वतःच्या घराची माती सरहद्दीपलीकडे राहिली होती. आमच्या गावातल्या वृद्ध सिंधी मंडळींना हे नाव अजून जपून उच्चारताना मी ऐकले आहे. १९३२ साली लॉर्ड्‌सवर भारताच्या पहिल्याच कसोटीत सलामीला आलेले नाऊमल जाऊमल हेही कराचीचेच; तेही नंतर इकडे आले आणि १९८० मध्ये मुंबईत वारले.

खेळपट्टी यजमानाच्या बाजूने असते म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मला सर्वांत रंजक वाटतो. पुण्याचे उदाहरण पाहा. १९४८ च्या डिसेंबरात पूना क्लबच्या मैदानावर काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते; महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम मोडायला हव्या होत्या फक्त दहा धावा. उपाहाराच्या वेळी काठेवाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, पुढे खेळण्यास नकार दिला आणि संघ घरी निघाला. पाहुण्याजवळ एकच हुकमी अस्त्र असते, निघून जाणे. ते त्यांनी वापरले. पण तीन महिन्यांनी, मार्च १९४९ मध्ये, त्याच पुण्यात रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात मुंबई आली. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ धावा केल्या, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. एकंदर २,३७६ धावा आणि नऊ शतके! आणि जिंकली कोण? पाहुणी मुंबई, ३५४ धावांनी.

असे का झाले? खेळपट्टी गादीसारखी, दिवस हवे तेवढे. अशा जागी नशिबाला वाव राहत नाही. नाणे हजार वेळा उडवल्यासारखे होते; जो खरोखर बलवान तोच शेवटी वर येतो. मुंबई त्या काळी बलवान होती. काठेवाड दुबळे होते म्हणून हीच गादी त्यांना जाचली, आणि मुंबई बलवान म्हणून तीच गादी यजमानांना जाचली. खेळपट्टी यजमानाची ओळखीची असते, पण नात्यातली नसते.

हे ध्यानात ठेवून आता २०२४ च्या त्या जखमेकडे या. २०१३ च्या फेब्रुवारीपासून भारताने मायदेशी सलग १८ मालिका जिंकल्या होत्या. मी एका सुट्टीत वहीत सगळ्या मांडल्या. कसोट्या भरल्या ५३: विजय ४२, अनिर्णित ७, पराभव फक्त ४, पुणे, चेन्नई, इंदूर आणि हैदराबाद येथले. तेरा कसोट्यांत एक पराभव असा हा दर. या दराने तीन पराभव लागोपाठ येण्याचा संभव किती? तेरा गुणिले तेरा गुणिले तेरा. अपूर्णांक धरून सुमारे तेवीसशेंत एकदा. मग न्यूझीलंडने ते बंगळूर, पुणे, मुंबई असे तीन आठवड्यांत कसे केले? दैवी चमत्कार म्हणायचा काय?

चमत्कार नव्हे. हा गुणाकार तेव्हाच खरा, जेव्हा प्रत्येक सामना नाण्यासारखा स्वतंत्र असतो. येथे तोच पाहुणा, तेच सूर नसलेले फलंदाज आणि एका पराभवानंतर बदललेला बेत, असे सगळे एकमेकांत गुंतलेले होते. बंगळूरला ढगाळ हवेत आपण नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि ४६ धावांत आटोपलो; घरच्या कर्णधाराला घरचीच खेळपट्टी ओळखता आली नाही, हे रोहित शर्माने स्वतः नंतर मान्य केले. मग पुण्याला चेंडू वळणारी खेळपट्टी आली. वळणाऱ्या खेळपट्टीवर आपले फिरकीपटू पाहुण्यांना गुंडाळतील, हा हिशेब जुना. पण अति वळणाऱ्या जागी उत्तम फिरकीपटू आणि बरा फिरकीपटू यांतले अंतरच कमी होते. मिचेल सँटनरने, ज्याने त्यापूर्वी कसोटीच्या एका डावात पाच बळीही घेतले नव्हते, पुण्यात दोन डावांत मिळून १३ बळी घेतले. मुंबईला चौथ्या डावात १४७ धावा हव्या होत्या. १२१ वर आपण संपलो, २५ धावांनी हरलो. १९४९ च्या पुण्याची ही उलटी बाजू. तेथे सामना लांबवून नशीब हद्दपार केले होते. येथे सामना आखूड करून आपणच नशिबाला घरात घेतले. बलवानाने नाणे थोड्या वेळा उडवू नये, एवढेच वर्गमूळ सांगत होते.

वर्षभराने, नोव्हेंबर २०२५ मध्ये, कोलकात्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १२४ धावांचा पाठलाग करताना आपण ९३ वर कोसळलो, तेही तिसऱ्याच दिवशी. पुढे गुवाहाटीला ४०८ धावांनी हरलो. त्याला मात्र वळणाऱ्या मातीचा बहाणा नाही.

वानखेडेच्या त्या सामन्यात अकरा बळी घेणारा एजाज पटेल हा तर आमच्या डब्यातल्या वादाचा लाडका विषय. जन्म १९८८ चा, मुंबईचा. आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. २०२१ साली याच मैदानावर त्याने एका डावात दहाच्या दहा बळी घेतले होते आणि सामन्यात १४, तरी त्याचा संघ ३७२ धावांनी हरला. दोन सामन्यांत २५ बळी! आता सांगा, वानखेडे कुणाच्या घरचे? रकाना कोणता भरायचा?

यजमानाची ही सद्दी मोडण्याचे प्रयत्नही झाले. इंग्लंडच्या काउंटी स्पर्धेत २०१६ पासून काही वर्षे पाहुण्या कर्णधाराला नाणेफेकीशिवाय गोलंदाजी मागण्याची मुभा होती. माळ्याने फार चलाखी करू नये हा हेतू. आपल्या क्रिकेट मंडळाने २०१६-१७ च्या मोसमात रणजीचे सगळे सामने त्रयस्थ गावी खेळवले. मुंबईचा सामना मुंबईत नाही, दिल्लीचा दिल्लीत नाही. त्या वर्षी गुजरातने इंदूरला मुंबईला हरवून पहिल्यांदाच करंडक नेला. प्रयोग न्याय्य होता, पण मैदाने ओस पडली. आपल्या गावचा पोरगा आपल्या गावात खेळताना दिसणार नसेल तर उन्हात कोण बसेल? पुढच्याच वर्षी जुनी पद्धत परत आली. मला ते बरे वाटले. पूर्ण न्याय आणि रिकामे मैदान यापेक्षा थोडा पक्षपात आणि भरलेले मैदान केव्हाही पत्करावे.

भरलेल्या मैदानाचे म्हणाल तर ते दुधारी असते. १९९१ च्या रणजी अंतिम सामन्यात वानखेडेवर मुंबईला हरयाणाविरुद्ध ३५५ धावा हव्या होत्या. वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले, तेंडुलकरने ९६ काढल्या, आणि शेवटचा गडी धावबाद होऊन मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकरांना त्या दिवशी अश्रू आवरले नाहीत. २०२३ च्या विश्वचषकात लागोपाठ दहा सामने जिंकलेला भारत अहमदाबादच्या त्या अफाट गर्दीसमोर अंतिम सामना हरला. उलट २०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर जेमिमा रॉड्रिग्ज या मुंबईच्याच मुलीने नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाच्या ३३८ पार केल्या, आणि तीन दिवसांनी हरमनप्रीतच्या संघाने त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. मुलींचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. मुंबईसाठी हजारो धावा करूनही ज्यांना भारताकडून खेळायला कधी मिळाले नाही. त्या रात्री आमच्या चाळवजा इमारतीत फटाके फुटले ते दिवाळीतले उरलेलेच होते.

आता आमच्या गावाकडे येतो, कारण या साऱ्या हिशेबात एक रकाना असा आहे जो कोणतेही शास्त्र मांडत नाही. घरच्या मैदानाचा फायदा मिळण्यासाठी आधी घरचे मैदान असावे लागते. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी; फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकी मिळाल्या आणि १९४९ साली या वसाहतीला हे नाव दिले गेले. आजही पत्ता सांगताना माणसे 'कॅम्प नंबर तीन' असेच म्हणतात. २०११ च्या जनगणनेत वस्ती ५,०६,०९८, आणि क्षेत्रफळ अवघे १३ चौरस किलोमीटर. भागाकार केला तर चौरस किलोमीटरला जवळजवळ ३९ हजार माणसे. क्रिकेटचे मैदान मध्यापासून सीमेपर्यंत सत्तर मीटर धरा; तेवढ्या वर्तुळात आमच्याकडे सरासरीने सहाशे माणसे राहतात. तेथे स्वयंपाक करतात, शिलाईची यंत्रे चालवतात, मुलांचे अभ्यास घेतात. गोल मैदान आहे, पण त्याच्यावर सभा, मेळावे आणि उत्सव यांचाही हक्क असतो, आणि ज्याला सगळे वाटेकरी त्यावर खेळपट्टी कोण राखणार?

मग आमची मुले कुठे खेळतात? गल्लीत, टेनिसच्या चेंडूने, काँक्रीटवर. तेथे ती वाघ असतात. कोणत्या झाकणावर चेंडू दबतो, कोणत्या कठड्यावरून उलटतो, त्यांना डोळे मिटून ठाऊक. त्यांतला एखादा खरोखर चांगला निघाला की त्याचे नाव मुंबईच्या एखाद्या क्लबात घातले जाते. मग आठवड्यातले काही दिवस पहाटेची गाडी. अंबरनाथपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे साठ किलोमीटर, बदलापूरहून आणखी आठ. गाडी वेळेवर असली तर दीड तास. सामानाच्या डब्यात उभे राहून, डोक्याएवढी किट-बॅग पायांत धरून. १९४८ पासून पावसाळ्यात चालत आलेल्या कांगा लीगचे सामने त्याला ओल्या, चिकट मातीवर खेळायचे असतात, जेथे चेंडू कधी थांबून येतो तर कधी घोट्यालाच लागतो. दादर-माटुंग्याचा मुलगा घरून चहा पिऊन चालत आलेला असतो आणि त्याने असे चेंडू लहानपणापासून पाहिलेले असतात. आमचा मुलगा आझाद मैदानावर प्रत्येक सामना परगावीच खेळतो, मग फलकावर त्याच्या क्लबाचे नाव यजमान म्हणून लिहिलेले का असेना.

माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी होता. यष्टिरक्षण करी. पहिल्यांदा खऱ्या मातीच्या खेळपट्टीमागे उभा राहिला त्या दिवसाबद्दल मी त्याला विचारले. तो म्हणाला, "सर, चेंडूचा आवाजच आला नाही. आमच्याकडे टप्पा आधी ऐकू येतो, मग चेंडू दिसतो."